टेस्टिंगची कॅसेट

वेल्ह्याचे स्पीकरवाले तात्या नसते तर मी पदवीपर्यंत पोचलो नसतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. अकरावी-बारावी मी भोरला केली. सकाळची एसटी चुकली, की तात्या मला टेम्पोत घालून नसरापूरपर्यंत सोडत, तिथून भोरची गाडी मिळे. दोन वर्षांत त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नाही.

त्यांच्याकडे एक परदेशी कॅसेट होती. कव्हर हरवलेलं, नाव कोणालाच माहीत नाही. लग्नाच्या मांडवात स्पीकर बांधून झाले, की आधी ती लागे. "ह्यात ढोलकी न्हाई, पेटी न्हाई, समदी मशिनं. स्पीकर कुठं फाटला आसंल तर लगीच कळतंय," असं ते सांगायचे. एकाच मापाचा ठोका सुरू व्हायचा आणि त्याखाली एक जाड सूर घुमत राहायचा. आम्ही पोरं तेवढ्यावरच नाचून घ्यायचो.

एकदा हळदीला नवरीची आत्या ओरडली, "आवं तात्या, लगीन हाय का पिठाची गिरणी लावली?"

"गिरणीच हाय आक्का. दळान घिऊन या!"

पाहुणे जमले की कॅसेट काढून हळदीची गाणी लागत. त्यामुळे तीही गाण्यांचीच कॅसेट आहे, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ती टेस्टिंगची.

पुढे पुण्यात एम. ए.च्या वर्गात, संगीताच्या तासाला, सरांनी एक जुना आल्बम ऐकवला. पहिल्या ठोक्यालाच मी ताठ बसलो. सर सांगत होते, निव्वळ यंत्रांवर केलेल्या सुरुवातीच्या पॉप आल्बमांपैकी हा एक. आज मिरवणुकीत डीजे जे वाजवतो, त्याची मुळं इथवर जातात. मग त्यांनी विचारलं, "हे आधी कोणी ऐकलंय?"

मी हात वर केला.

"कुठे?"

सगळे वळून बघायला लागले. मी म्हणालो, "इथल्याच एका मित्राकडे."

आठवडाभर ते खोटं सलत राहिलं. पुढचा तास झाल्यावर, फोनवर बोलायचा धीर होईना म्हणून, तात्यांना पत्र लिहिलं.

"तात्या, नमस्कार. तुमची टेस्टिंगची कॅसेट इथे आम्हाला अभ्यासाला आहे. नाचायचं संगीत करणारे अजून तिच्यापासून शिकतात. ती कुठे ऐकली, असं सरांनी विचारलं तेव्हा मला मांडवाचं नाव घ्यायची लाज वाटली. मी खोटं बोललो. आज वर्गात उभं राहून खरं सांगितलं, की वेल्ह्याच्या तात्यांनी ऐकवली. दोघे-तिघे हसले. तुम्ही ती कशासाठी लावायचा, ते मात्र सरांनी नीट विचारून वहीत लिहून घेतलं. मी आधी खोटं बोललो, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहितोय. रागावलात तरी चालेल."