आत्यांचं ‘काहीतरी कमी आहे’

तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन बदलापूरला आले, तेव्हा नवऱ्याच्या आत्यांबद्दल मला घरातून एकच सूचना मिळाली होती. त्यांच्या हाताला चव आहे, तेव्हा त्यांच्यापुढे स्वयंपाकाची फुशारकी मारायची नाही. आत्या उल्हासनगरला कॅम्प पाच या वस्तीत एकट्या राहतात. दर रविवारी दुपारी रिक्षाने आमच्याकडे जेवायला यायच्या.

पहिल्या रविवारी मी चिकनचा रस्सा केला. आत्यांनी घास घेतला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, “छान झालंय. पण काहीतरी कमी आहे.”

“काय कमी आहे, आत्या?”

“ते तू सांग. काय काय घातलंस?”

मी सगळी यादी सांगितली. खोबरं किती भाजलं, लसूण ठेचला की वाटला, कोथिंबीर कधी टाकली. त्या शांतपणे ऐकत जेवल्या आणि निकाल काही दिला नाही.

मग हे दर रविवारी सुरू झालं. वालाच्या बिरड्याला काहीतरी कमी, माशाच्या कालवणाला काहीतरी कमी, साध्या वरणालासुद्धा काहीतरी कमी! मी तूप बदललं, कढई बदलली, आईला फोन करून करून तिचा जीव खाल्ला. नवरा म्हणायचा, “अगं, आत्याची सवय आहे ती.” त्याला काय जातंय म्हणायला? त्याने आजवर केलेल्या एकमेव पदार्थाला, म्हणजे चहाला, त्या कधी काही म्हणाल्या नव्हत्या.

शेवटी मी एक डाव टाकला. एका शनिवारी आत्यांनी कुणाच्या तरी हाती डबाभर काळ्या वाटाण्याची उसळ पाठवली होती. अप्रतिम झाली होती. मी नवऱ्याला हातही लावू दिला नाही. रविवारी तीच गरम करून त्यांच्या ताटात वाढली.

आत्यांनी घास घेतला. “छान झालीय. पण काहीतरी...”

“आत्या, ही तुमचीच आहे!”

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही टाळी दिली. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी ताटातलं संपवलं आणि दुपारचा चहा न घेताच निघाल्या. पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत. फोनवर गुडघ्याचं कारण सांगितलं.

डबा परत करायचं निमित्त काढून मी कॅम्प पाचला गेले. खरं सांगायचं तर माफी मागायला नव्हते गेले, नुसती पाहणी करायला गेले होते. जिन्यातच करपल्याचा वास आला. तळमजल्यावरची सिंधी शेजारीण नाकाला पदर लावून उभी होती. “आंटीने फिर दूध जलाया,” ती म्हणाली. “बेल बजाओ जल्दी.”

आत्यांनी हसत दार उघडलं. आत स्वयंपाकघरात धूर होता आणि बाहेरच्या खोलीत त्यांनी निवांत मेथी निवडायला घेतली होती. मी धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. पातेलं काळंठिक्कर पडलं होतं.

“आत्या, वास नाही आला?”

हातातली मेथी तशीच घेऊन त्या पातेल्यात डोकावल्या. मग म्हणाल्या, “नाही आला. करोनात गेला तो गेलाच. सगळ्यांचा परत आला, माझा वाट चुकला.”

“मग उसळ? ती तर इतकी छान...”

“हाताला माप ठाऊक आहे. पण वासच नाही तर चव कुठली? खारट, आंबट, गोड तेवढं कळतं. बाकी सगळं एकसारखं.” त्यांनी मेथीची काडी मोडली. “तुला नावं नव्हते ठेवत गं. मला खरंच कमी लागतं. आणि तसं म्हटलं की तू तावातावाने सांगतेस, खोबरं असं भाजलं, लसूण तसा घातला. ते ऐकताना जरा जेवल्यासारखं वाटतं.”

मी जी टाळी दिली होती, ती आठवून मला कुठे तोंड लपवू असं झालं.

“हे कुणाला सांगायचं नाही,” त्या म्हणाल्या. गॅसच्या भीतीने मी फक्त नवऱ्याला सांगायची परवानगी मिळवली. त्याने गॅस गळला की वाजणारी घंटा आणून बसवली.

मे महिन्यात आत्यांनी मला मसाल्याला बोलावलं. भाजण्याचा रंग आणि आवाज त्या सांभाळणार, नाक माझं.

“धण्यांचा वास कसा येतोय?”

“झाले वाटतं.”

“वाटतं काय? नीट हुंग. परीक्षेला बसल्यासारखी घाबरतेस काय!”

माझ्या नाकाच्या भरवशावर दगडफूल जळलं. वर आत्यांचं बोलणं, नाकाला म्हणे वळण नाही, माहेरी काही शिकवलंच नाही.

मग भाजलेलं सगळं घेऊन आम्ही कॅम्प दोनमध्ये मसाला कांडायला गेलो. कांडपयंत्रात मिरची पडली तशी मी पदरात तोंड खुपसून मागे सरले. आत्या मात्र पुढे सरकल्या. कांडपवाला ओरडला, “आंटी, पीछे हटो!” त्या हटल्या नाहीत. त्यांना एक शिंक आली, मग दुसरी, मग लागोपाठ चार. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“अगं, हे पोचतंय बघ नाकात!” त्या माझा हात धरून म्हणाल्या, आणि पुन्हा डोकं पुढे घातलं.