देशात परिस्थिती जाहीर झाली आहे

एका उकारासाठी कुणाची नोकरी जाऊ शकते, असं तुम्हाला वाटतं का? माझ्या वडिलांची जाणार होती.

आणीबाणीत अप्पा हुबळीतल्या एका मराठी शाळेत शिकवत. परिपत्रकं कन्नडमधून येत आणि अप्पा ती मराठीत करून फळ्यावर लिहीत. कन्नडमध्ये आणीबाणीला 'तुर्तु परिस्थिती' म्हणतात, म्हणजे तातडीची. घाईत अप्पांनी तो शब्द तसाच उचलला, त्यातही शेवटचा उकार गळला आणि फळ्यावर आलं, 'देशात तूर्त परिस्थिती जाहीर झाली आहे.' मराठीत तूर्त म्हणजे सध्यापुरती.

तपासणीला आलेले साहेब फळ्यापुढेच थांबले. मी तिसरीच्या वर्गातून ऐकत होते. साहेब मराठी बोलतानाही कन्नडमधला आदराचा 'री' लावत.

"काय री मास्तर, आणीबाणी तूर्तच आहे? म्हणजे जाणार म्हणता? नोकरी घालवीन तुमची!"

"मग 'कायमची' लिहू का, साहेब?"

साहेबांनी घाईनं खिशातून रुमाल काढला. "छे छे! तसं लिहिलात तर माझीपण जाईल री."

शेवटी त्यांनी स्वतःच्या रुमालानं तो शब्द पुसला. उरलं ते एवढंच, 'देशात परिस्थिती जाहीर झाली आहे.' अप्पांची नोकरी वाचली, बदली मात्र कलघटगीला झाली.

माझा राग साहेबांवर नाही. ते वाक्य तसंच सूचनावहीत उतरलं आणि सगळ्या शिक्षकांनी त्याखाली 'वाचले, समजले' लिहून सही केली. कसली परिस्थिती, हे एकानंही विचारलं नाही. अप्पांनीसुद्धा नाही. तुमच्यापुढे अशी वही येईल तेव्हा सही करण्याआधी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अर्थ विचारा.