बेसिनवरचा चांदण्यांचा तक्ता

बसा, चहा होईपर्यंत माझी एक फजिती ऐका. तशी ती शिल्पाच्या लग्नात कुणी ना कुणी तुम्हाला सांगणारच आहे, आणि दुसऱ्यानं सांगितली की त्यात मीठमसाला जास्त पडतो. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

हुलसूरला तहसीलच्या रोडला माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. घरात आम्ही चौघं. मी, बायको सुवर्णा, माझी आई, जिला आम्ही अव्वा म्हणतो, आणि तीन वर्षांची लेक अक्षरा, म्हणजे आमची अक्कू. धाकटी बहीण शिल्पा बिदरला राहते, तिथल्याच कोळार औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. शनिवारी संध्याकाळी येते, सोमवारी सकाळच्या बसनं जाते.

तर अक्कूचं सगळं चांगलं होतं, फक्त एका गोष्टीत घोडं अडलं होतं. शी. पोरगी दाराच्या मागं जाऊन करायची, पलंगाखाली शिरून करायची, पण संडासात बसायचं नाव नाही. सुवर्णानं रागावून बघितलं, अव्वानं चॉकलेट देऊन बघितलं. रागावलं की ती दोन दोन दिवस धरून ठेवायची, आणि मग अख्ख्या घराचा जीव टांगणीला लागायचा.

शेवटी अंगणवाडीच्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "दादा, लेकराला रागावू नका. जेवण झालं की दहा मिनिटं बसवा. पाय अधांतरी लोंबकळले तर तिला भीती वाटते, म्हणून खाली पाट द्या. झाली की कौतुक करा, टाळ्या वाजवा. आणि चड्डीत झाली तर ओरडायचं न्हाई. 'असू दे, रडू नको, उद्या सांगून करायची,' एवढंच म्हणायचं."

सल्ला साधा आणि चांगला होता. तुमच्या घरात लहान लेकरू असेल तर डोळे झाकून करा. पण तेवढ्यावरच थांबा. मी थांबलो नाही, तिथं चुकलं.

माझं दुकान पडलं स्टेशनरीचं. मी काय नुसत्या टाळ्यांवर भागवतोय होय? कॉम्प्युटरवर झकास तक्ता केला. वर ठळक अक्षरात लिहिलं, 'रोजची चांगली सवय'. खाली तारखांच्या चौकटी. रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेशन केलं, आणि संडासाच्या बाहेर जे हात धुवायचं बेसिन आहे त्याच्यावर डबल टेपनं चिकटवला. चमकत्या चांदण्यांची पाकिटं दुकानात होतीच. झाली की टाळ्या आणि एक चांदणी.

आठवड्यात पोरगी सरळ झाली. स्वतःहून पाट ओढून घ्यायला लागली. मी गल्लीत सांगत सुटलो की लेकरं कशी वाढवायची ते माझ्याकडनं शिका.

मग एक दिवस अक्कूनं विचारलं, "पप्पा, तुमचं नाव कुठं हाय?"

म्हणलं, "मला कशाला?"

"तुम्ही करत न्हाई का?"

झालं. नवा तक्ता केला, घरातल्या सगळ्यांच्या नावांचा. शिल्पाचं पण नाव टाकलं. नियम असा, की बाहेर आलं की अक्कूला सांगायचं. ती टाळ्या वाजवणार आणि चांदणी लावणार. अव्वा सुरुवातीला म्हणाली, "ह्या वयात हे काय थेर लावलंय." पण पुढच्याच आठवड्यात मी माझ्या कानानं ऐकलं, अव्वा मागच्या बोळातनं हाक मारायली होती, "अक्कू, माझी लाव ग."

माझ्या नावापुढं मात्र रोजच्या तीन चांदण्या पडायच्या. सगळ्यात पुढं मीच.

एवढ्यात शिल्पाला गुलबर्ग्याचं स्थळ आलं. मुलगा महेश, कॉलेजात शिकवतो. वडील रिटायर हेडमास्तर, सगळे त्यांना सरच म्हणतात. स्थळ फार चांगलं, शिल्पाला फोटो पसंत, दोघांचं फोनवर एकदा बोलणं पण झालेलं. स्थळ सुचवणाऱ्यानं मला बजावून सांगितलं होतं, "सरांना वाचनाचं भलतं वेड हाय. घर बघताना आधी पुस्तकं बघतात." म्हणून मी दुकानातली गाइडं सोडून जी काय दहा-बारा पुस्तकं होती ती टीव्हीशेजारी मांडून ठेवली.

रविवारी ते बघायला येणार होते. त्या दिवशी सकाळी सुवर्णा म्हणाली, "अहो, तो तक्ता काढा आधी."

काढायला गेलो तर डबल टेप भिंत सोडेना. एक कोपरा ओढला तर भिंतीचा रंगच निघून यायला लागला. म्हणलं राहू दे. वर एक खिळा मारला आणि मोठा टॉवेल अडकवला. तक्ता पार झाकला गेला. मग सगळ्यांना समोर बसवून ताकीद दिली, "पाहुण्यांसमोर शी, संडास, असला एक शब्द तोंडातनं निघायला नको."

अक्कू म्हणाली, "मग काय म्हणायचं?"

"काहीच न्हाई म्हणायचं. लईच झालं तर 'ते' म्हणायचं."

माझ्या अकलेची तारीफ करा. बेसिनच्या वर टॉवेल कशासाठी असतो, एवढंसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही.

अकराच्या सुमाराला सर आणि महेश आले. सरांच्या बायकोला गुडघ्यामुळं प्रवास झेपत नव्हता, म्हणून बापलेक दोघंच. सर म्हणाले, "आधी हात-तोंड धुतो." मी त्यांना मागं घेऊन गेलो. त्यांनी तोंड धुतलं, डोळे मिटूनच हात वर केला आणि टॉवेल ओढला.

टॉवेल त्यांच्या हातात, आणि तक्ता त्यांच्या नाकासमोर.

सरांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "रोजची चांगली सवय. अरे वा. कसली सवय ही?"

मी घाईनं टॉवेल परत घ्यायला हात पुढं केला. आणि तोंडातनं शब्द निघाला तो असा, "वाचनाची, सर."

"काय सांगताय?"

"व्हय. ज्यानं रोज वाचलं त्याला चांदणी. हात धुताना सगळ्यांच्या नजरेस पडावं म्हणून इथं लावलाय."

सरांनी सगळी नावं बोट ठेवून तपासली. "तुमच्या तीन-तीन दिसायल्यात. एवढा वेळ मिळतो?"

म्हणलं, "काढावा लागतो, सर."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, सुटलो. पण एक गोष्ट राहूनच गेली. ही वाचनाची थाप फक्त सरांनी ऐकली होती. बाहेर बसलेल्या घरच्यांना त्यातलं अक्षर माहीत नव्हतं.

सर बाहेर येऊन बसले आणि महेशला म्हणाले, "यांच्याकडं आत एक तक्ता हाय, वाचना–" तेवढ्यात मला जोराचा खोकला आला, म्हणजे मी तो आणला. त्यामुळं महेशनं अर्धं ऐकलं, आणि लांब बसलेल्या माझ्या माणसांनी फक्त 'तक्ता' ऐकलं. शिल्पा चहा घेऊन येत होती, ती जागच्या जागी थांबली. सुवर्णानं माझ्याकडं असं बघितलं की अजून आठवलं तरी मान खाली जाते.

सर अव्वाकडं वळले. "अक्का, तुमच्या पण चांदण्या बघितल्या. या वयात एवढं सांभाळता, कौतुक हाय."

अव्वानं पदर सावरला. पाहुणा विचारतोय म्हणल्यावर उत्तर द्यायला पाहिजे. म्हणाली, "रोज होत न्हाई, सर. वयानं."

"डोळ्यांमुळं असंल. चष्मा लावून बघा."

"चष्मा लावून काय बघायचं त्यात?"

"तसं न्हाई अक्का, उजेड पाहिजे. दार उघडं ठेवून बसायचं."

"दार उघडं ठेवून?"

"मी तर सकाळी अंगणातच खुर्ची टाकून बसतो. येणारे-जाणारे थांबतात, विचारपूस करतात. बरं वाटतं."

अव्वानं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडं बघायला लागली. मी मधी पडलो, "सर, चहा निवायलाय." पण मास्तर माणूस, एकदा विषय हातात घेतला की संपवल्याशिवाय सोडतोय होय?

आता शिल्पाची पाळी. "बाळ, तुझ्या नावापुढं चारच चांदण्या. कामून?"

शिल्पाचा चेहरा लालबुंद झाला. तरी पोरगी धीराची. खाली बघून म्हणाली, "मी शनिवार-रविवारच असते घरी."

"मग बिदरला होत न्हाई?"

"होतं. पण तिथं कोण मोजत न्हाई."

"हे मात्र आवडलं मला. आणि बसच्या प्रवासात?"

शिल्पानं मान वर केली. "बसमध्ये?"

"मी हमखास करतो. खिडकीजवळची जागा मिळाली की गुलबर्गा ते बिदर एक तरी होतंच."

शिल्पानं महेशकडं बघितलं. महेश हसून म्हणाला, "अप्पांना बसमध्ये भानच राहत न्हाई. शेजारचे लोक वाकून वाकून बघतात."

बिचाऱ्या शिल्पानं ट्रे दोन्ही हातांनी घट्ट धरला. ह्या घरात आपल्याला पाठवायलेत, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं मला स्पष्ट दिसत होतं. चांगलं जमत आलेलं स्थळ, पोरीला मनापासून आवडलेला मुलगा, आणि माझ्या एका शब्दापायी ती आता नाही म्हणणार. खरं सांगून टाकावं असं मला तेव्हा वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. पण काय म्हणणार? सर, ते वाचन नव्हतं, ती...? मी पाण्याचा तांब्या सरांपुढं सरकवला.

अक्कू इतका वेळ दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिला सर आवडले असावेत. पुढं येऊन त्यांच्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण ते करता?"

सर खूश. "करतो तर. आज सकाळपासून दोन झाली. मला पण लाव चांदणी."

अक्कूनं फ्रॉकच्या खिशातनं पाकीट काढलं. "दोन? कुठं केली?"

"एक घरी केलं. आणि दुसरं येताना गाडीत."

अक्कूचा हात थांबला. डोळे मोठे झाले. मग ती अगदी हळू, काळजीच्या आवाजात म्हणाली, "गाडीत? चड्डीत झाली?"



सर काही बोलेनात हे बघून अक्कूला वाटलं, आजोबा आता रडणार. तिनं त्यांच्या हातावरनं हात फिरवला आणि ताईंनी शिकवलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "असू दे. रडू नका. उद्या सांगून करायची."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडं वळून, पन्नास पोरांच्या वर्गात विचारावं तशा आवाजात विचारलं, "तक्ता कशाचा हाय?"

मी उभा राहिलो. खरंच उभा राहिलो, हात मागं बांधून. आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ताईंचा सल्ला, पाट, टाळ्या, डबल टेप, टॉवेल. माझं निम्मं सांगून होतंय न होतंय तोच महेश खुर्चीवरनं उठून बाहेर ओट्यावर गेला. त्याचं हसणं आत ऐकू येत होतं. त्या हसण्यानं शिल्पाला हसू फुटलं, शिल्पामुळं सुवर्णाला. अव्वा तेवढी गंभीर होती. तिनं सरांना विचारलं, "म्हणजे तुम्ही अंगणात बसत न्हाई?"

"पुस्तक घेऊन बसतो, अक्का," सर म्हणाले. "नुसतं पुस्तक."

अव्वानं मोठा श्वास सोडला.

सरांच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं. त्यांनी ट्रेमधला कप घेऊन शांतपणे चहा संपवला. मग म्हणाले, "एक शंका राहिली. तुमच्या नावापुढं रोज तीन. दवाखान्यात दाखवलं का?"

मी काही बोलायच्या आत सुवर्णा बोलली. "त्यांना काही झालेलं न्हाई, सर. काम सांगितलं की मोबाईल घेऊन आत जाऊन बसतात. बाहेर आले की पोरीला सांगतात, झाली म्हणून."

अक्कूनं माझ्याकडं जे बघितलं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. महिनाभर तिनं टाळ्या वाजवल्या होत्या माझ्यासाठी.

पाहुणे गेले. तीन दिवस फोन नाही. शिल्पा बिदरला गेली, मला बसस्टँडपर्यंत सोडायलासुद्धा येऊ दिलं नाही. मी दुकानात बसून चुकीच्या पानांच्या झेरॉक्स काढायलो होतो. चौथ्या दिवशी सरांचाच फोन आला. म्हणाले, मुलगी पसंत हाय. बसचं ऐकून सुद्धा तिनं ट्रे पाडला न्हाई, अशी सून पाहिजे. घर पण पसंत हाय. बोलणी करायला येतो.

मी म्हणलं, "मोठी कृपा झाली, सर."

"फक्त बोलणीच्या वेळी ती लहान पोरगी माझ्याजवळ बसू द्या. घरात खरं बोलणारी तेवढीच हाय."

आले. अक्कूला शेजारी बसवून घेतलं. मी कार्यालयाचं सांगितलं, जेवणाचं सांगितलं, पाहुण्यांच्या राहायच्या सोयीचं सांगितलं. प्रत्येक वेळी सर आधी अक्कूकडं बघायचे. तिनं मान हलवली की मगच वहीत लिहून घ्यायचे. सगळं रीतसर चाललं होतं. शेवटी मी म्हणलं, "लग्नादिवशी तुमची काळजी करू नका, सकाळी सहाला मी स्वतः गाडी घेऊन तुमच्या दारात हजर राहतो."

सरांनी अक्कूकडं बघितलं. अक्कूनं माझ्याकडं बघितलं. थोडा विचार केला, आणि मान आडवी हलवली.

सरांनी वहीत लिहिलं, 'सकाळी सहा, गाडी घेऊन वधूची वहिनी येईल.'