विमलताईंच्या डब्यातली हळकुंडं

मुदखेडच्या फलाटावर गाडी लागली आणि मायने माझ्या पिशवीत घाईघाईने एक पुरचुंडी कोंबली. आत आमच्या शेतातली हळकुंडं होती. लोक परदेशी निघालेल्या पोरीला लाडू देतात, चिवडा देतात. आमच्या मायने हळद दिली, तीही न दळलेली. अण्णा म्हणाले, तिकडं हळद मिळत नसेल का. माय एवढंच बोलली, "आपली मिळती व्हय?" नेदरलँड्सला एमआरआयचं शिक्षण घ्यायला निघालेल्या मला त्या पिवळ्या वासाची लाज वाटत होती.

तिथे पहिल्याच दिवशी ती लाज पळाली. आम्हाला शिकवणाऱ्या विमलताई म्हणजे आमच्या विषयातलं फार मोठं नाव. यंत्रात माणूस जरा हलला की चित्र विस्कटतं. ते हलणं हिशेबात धरून चित्र पुन्हा स्वच्छ करायची रीत ताईंनी शोधली. थरथरणारे म्हातारे, घाबरलेल्या बायका, लहान लेकरं, सगळ्यांच्या तपासण्या त्यामुळे धड होऊ लागल्या. आणि या बाई मूळच्या देगलूरच्या. मला वाटलं, माझा अभ्यास विचारतील. त्यांनी विचारलं, "मुदखेडची हायस न? मग हळकुंडं आणली असशील."

तपासणीच्या खोलीबाहेर त्यांचा एक पत्र्याचा डबा असे. त्यात हळकुंडं आणि पिवळा दोरा. यंत्राचं चुंबक जबरदस्त, अंगावर धातू चालत नाही; पण तिथे येणाऱ्या आपल्याकडच्या बाईला मंगळसूत्र काढा म्हटलं की तिचा चेहराच उतरतो. ताई आधी तिच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेलं हळकुंड बांधायच्या. मग मंगळसूत्र आपोआप निघे. नांदेडला त्यांच्या स्वतःच्या आईने एकदा डोकं तपासताना ते अंबाड्यात लपवलं होतं, दोऱ्यातल्या सेफ्टी पिनेसकट. चित्रात मेंदूच्या जागी काळं भगदाड दिसलं आणि घरात रडारड झाली. हे सांगताना ताई हसायच्या, पण डबा कधी रिकामा होऊ द्यायच्या नाहीत. आम्ही रुग्णांच्या चुळबुळीवर वैतागलो की म्हणायच्या, "मानूस हालणारच. मशीनीनं समजून घ्यावं."

मागच्या महिन्यात ताई गेल्या. डबा माझ्याकडे आला. त्यांच्या जाण्याने मी किती पोरकी झाले, ते इथे कुणाला सांगता येत नाही. आणि त्यातच एका दुपारी लातूरहून संतोषचा फोन आला.

संतोष माझा धाकटा भाऊ, लातूरला क्लासमध्ये शिकवतो. माय अंगणात चक्कर येऊन पडली, पुन्हा पडली, म्हणून त्याने तिला लातूरला आणून एका सेंटरवर डोक्याची तपासणी करवली. डॉक्टर संध्याकाळी येणार होते. पण आमच्या या धाकट्या दादासाहेबांना दम कुठला? पडद्यावरचं चित्र फोनवर काढून त्याने मला पाठवलं होतं आणि हैदराबादला न्यायला गाडीही दारात आणून उभी केली होती. डोक्याच्या मागच्या बाजूला काळा डाग होता, मुठीएवढा.

असली चित्रं मी रोज बघते, पण आपल्या मायचं डोकं कधी बघितलेलं नसतं. डागाची कड ओढल्यासारखी वाकडी होती, रोगाची अशी सहसा नसते. ताईंच्या आईची गोष्ट आठवली. पण फोटोचा फोटो तो, त्यावरून छातीठोक काय सांगणार? आणि माझा अंदाज चुकला तर? मी गाडी थांबवायची आणि माय त्या वेळात हातची जायची. विचारायला ताईही नव्हत्या.

मी संतोषला म्हटलं, थांब, फोन मायला दे. तिथल्या माणसाने पुन्हा पुन्हा विचारलं होतं, अंगावर काही आहे का, आणि तिने प्रत्येक वेळी न्हाई सांगितलं होतं. मलाही तिने तेच सांगितलं. गळा मोकळाच होता म्हणे, मंगळसूत्राची पोत घरी ठेवली. माझी माय पोत घरी ठेवील? न्हाताना काढत नाही ती. त्यातून मागच्या वर्षी अण्णांच्या हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून तर ती त्या काळ्या मण्यांना धरूनच झोपते.

मी म्हटलं, "माय, अंबाडा सोड."

पलीकडे गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. संतोष चिडला, म्हणाला, इथं जीव जाऊन राहिला अन् ह्या बाईला वेण्या सुचतात. मी पुन्हा तेच म्हटलं.

मग माय हळूच बोलली. "मी काढली असती गं. पण यांना काही झालं तर?"

पोत अंबाड्यातच होती, पिनांसकट. अण्णा शेजारीच उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. ते रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात गेले, हळकुंड आणि दोरा घेऊन आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी ते दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधलं. "मी हाय न इथं," म्हणाले, "जा आता." संतोष म्हणतो, तिथली नर्सही डोळे पुसत होती.

दुसऱ्या तपासणीत माय हललीच. आतल्या स्पीकरवरून विचारलं, मावशी, बरं हाय न, तर तिने मान डोलावली. विचारणाऱ्याला मान डोलावून हाव म्हणायची तिची सवय. पुन्हा विचारलं, पुन्हा डोलावली. तरी चित्र लख्ख आलं. त्या यंत्रात ताईंची रीत होती. डाग नव्हता. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, मेंदू ठणठणीत आहे, कानातला तोल बिघडलाय, गोळ्या आणि मानेचे व्यायाम पुरे.

तुम्ही गावी राहिलेले मला विचारता, घरी कधी येणार. माझ्यासारखे गाव सोडून गेलेले विचारतात, आता तुझं घर कुठलं. पूर्वी मी गोंधळायचे. त्या संध्याकाळी मी संतोषने पाठवलेलं ते लख्ख चित्र कितीतरी वेळ बघत बसले. लातूरला माय हाव म्हणत होती आणि देगलूरची एक बाई, जिला तिने कधी पाहिलंही नव्हतं, ते हलणं समजून घेत होती. मी ताईंचा डबा उघडला. तळाशी थोडीच हळकुंडं उरली होती. मायला फोन करून म्हटलं, हळद पाठव. ती म्हणाली, "पाठवत न्हाई. येऊन घेऊन जा."