साध्या गोळ्यांविरुद्ध मोर्चा

मी फणसवाडीची. आमच्या घरात तोंड बंद ठेवणं कुणालाच जमलेलं नाही, आणि मोठ्या सरांनी नेमकं ते काम माझ्या गळ्यात मारलं.

परळच्या एका हॉस्पिटलात मी तेव्हा मुलांच्या वॉर्डची ज्युनिअर डॉक्टर होते. आतड्याला सूज येऊन शौचावाटे रक्त जाणारी दहा-बारा पोरं आमच्याकडे होती. परदेशातून एक औषध आलं होतं. मोठ्यांना ते लागू पडायचं, पण पोरांचं कुणाला ठाऊक? म्हणून सरांनी चाचणी आखली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दुधाच्या साखरेची साधी गोळी. आईबापांना सगळं समजावलं होतं, पण कुणाला कुठली गोळी ते बंद पाकिटात. मलासुद्धा कळायचं नाही, आणि चुकून कळलं तरी तोंड उघडायचं नाही. कंपाउंडरने दोन्ही गोळ्या रंगाचवीला इतक्या सारख्या केल्या की सर खूश! "मुंगीलाही फरक कळणार नाही," म्हणाले.

मुंगीला नसेल कळला, पोरांना चार दिवसांत कळला. खऱ्या गोळीने लघवी पिवळीजर्द होते, हे आम्हा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरांनी मोरीत आपापसांत तपासणी केली आणि वॉर्डात सरळ दोन पक्ष पडले.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. लालबाग-परळचं पोर बोलायच्या आधी घोषणा द्यायला शिकायचं. पाचव्या दिवशी सकाळी सरांबरोबर राउंडला शिरते तो काय, साध्या गोळीवाल्यांचा मोर्चा! पुढे लालबागच्या चाळीतली नऊ वर्षांची पोरगी, एका गिरणी कामगाराची. अंगात रक्त नाही, पण आवाज असा की खिडक्या हादराव्यात. पडद्याच्या काठीला उशीचा अभ्रा बांधून तिने झेंडा केला होता. "पिवळी गोळी मिळालीच पाहिजे!" सिस्टर भिंतीकडे तोंड करून हसत होती. माझी तर हसून हसून पुरेवाट झाली. सर मात्र चष्मा काढून पुसत राहिले.

त्यांनी तोडगा काढला. साध्या गोळीत बी जीवनसत्त्व घालायचं, त्यानेही लघवी पिवळी होते. नव्या गोळ्या बनायला चार दिवस गेले, मग दोन दिवसांत सगळा वॉर्ड पिवळा! पोरीने मोरीतूनच आरोळी ठोकली, "डाक्टरीणबाई, माझी पन झाली!" आणि धावत येऊन माझ्या कमरेला मिठी मारली. तिला साधी गोळी मिळते हे मोर्चामुळे मला कळून चुकलं होतं. तिचं रक्त थांबलेलं नव्हतं, आणि ती माझे आभार मानत होती. मला लाज वाटली, सरळ सांगते.

तशीच सरांच्या खोलीत गेले. "सर, रंग दिलात, औषध कधी देणार?"

सर म्हणाले, "चाचणी मध्येच मोडली तर पुढे येणाऱ्या पोरांना आपण अंदाजानेच औषध देत बसू." त्यात खोटं काही नव्हतं. पण मी हटले नाही.

"मग पुढच्यांसाठी हिचं रक्त किती दिवस जाऊ द्यायचं, तेवढं तुमच्या हाताने लिहा."

सरांनी चाचणीची वही पुढे ओढली. मग पेन उघडून त्यांनी नियम लिहिला: गोळी सुरू झाल्यापासून चौदा दिवसांत रक्त कमी झालं नाही, तर ते मूल चाचणीतून बाहेर आणि खरं औषध सुरू. तिचे तीन दिवस उरले होते. ते मी कसे काढले, माझं मला ठाऊक.

चौथ्या दिवशी तिला खरी गोळी दिली. हळूहळू रक्त थांबलं. पोरगी मऊ भात मागून मागून खायला लागली, वजनकाट्यावर उगाच उड्या मारून सिस्टरचा ओरडा खायला लागली. आम्हाला इतका आनंद झाला की ओरडतानाही सिस्टरला हसू आवरेना.

ती घरी निघाली त्या दिवशी मला राहवलं नाही. "ऐक गं, आधीची तुझी गोळी खोटी होती. नुसती पिवळं करणारी."

मला वाटलं, आता ही चिडणार. ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "मग माझ्या वाटची खोटी गोळी आता कुनाला देनार?"

"कुणालाच नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

पुढे आणखी एक नवं औषध आलं, त्याची चाचणी आखायला सरांनी मलाच बसवलं. मी दोन रकाने आखले, आणि दोन्हींत खरी औषधं लिहिली.