पान तीनशे बारा

मोबाइलची मेमरी भरली की मोबाइल बिचारा सांगतो तरी, ‘काहीतरी डिलीट करा.’ माणसाच्या डोक्यात ती सोय नाही. परवा बायकोनं सांगितलेल्या चार वस्तूंपैकी तीन मी विसरून आलो, पण आमच्या ग्रुपवर तीन वर्षांपूर्वी कोण कोणाला काय म्हणालं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे! म्हटलं, तुम्हाला सांगून थोडी जागा मोकळी करावी.

ग्रुपचं नाव ‘वाचून परत करा’. सुरतेत उधना भागात राहणाऱ्या मराठी माणसांचा हा व्हॉट्सॲप ग्रुप. आपल्याकडच्या पुस्तकाचा फोटो टाकायचा, ज्याला हवं त्यानं नंबर लावायचा. पुस्तक पोचवायचं काम माझ्याकडे. मी मूळचा बुलढाण्याचा. साड्यांच्या पार्सल बुकिंगसाठी दिवसभर स्कूटरवर उधना ते कडोदरा फिरतो, म्हणजे मी रिकामाच असतो, अशी सगळ्यांची ठाम समजूत आहे.

ॲडमिन आप्पा. खानदेशातून आले, चौतीस वर्षं कापडाच्या लूमवर काढली, आता रिटायर आहेत. खटखटाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही आणि दुसऱ्याचं ऐकू येत नाही. ॲडमिन व्हायला आणखी काय लागतं?

नियम दोनच होते. एक, पुस्तकांवर रोज बोला. दोन, वैयक्तिक बातमी फक्त रविवारी. तिसरा नंतर आला, ते सांगतोच. नियमांवर पहारा चौधरी सरांचा. सर शाळेतून निवृत्त झालेत. शाळा सरांमधून अजून निवृत्त झालेली नाही.

*

आमच्यातल्या सुनंदाताई घरी ब्लाउज शिवतात आणि मिळेल ते वाचतात. एका मंगळवारी त्यांची सून बाळंत झाली. आता रविवारपर्यंत पोटात ठेवायचं म्हणजे काय खायचं काम आहे? बाईंनी अर्ध्या तासात ग्रुपवर टाकलं, “आमच्याकडे नवीन पुस्तक आलं आहे. पहिली आवृत्ती. वजन तीन किलो. लेखक म्हणून मुलाचं नाव लागेल, पण सगळी मेहनत सुनेची.”

ग्रुपवर हसण्याचा नुसता पूर आला. नियम मोडला नव्हता, बातमी पोचली होती. आप्पांनीसुद्धा अंगठा दाखवला.

मग चौधरी सरांचा मेसेज आला, “ग्रंथ बराच मोठा दिसतो. ताई, तुमचं वाचून झालं की माझा नंबर लावा.”

*

आप्पांचा वाचनाचा वेग हा ग्रुपच्या अभिमानाचा विषय. पुस्तक आज सकाळी दिलं की उद्या सकाळी अभिप्राय हजर! “वाचून झालं. अप्रतिम! शेवट मनाला भिडला.” पुस्तक चारशे पानांचं असो की चाळीस, अभिप्राय हाच. आप्पा घरात अहिराणी बोलतात, पण ग्रुपवर लिहिताना अगदी पुस्तकी मराठी. तिथे ॲडमिनचा डगला घालूनच बसायचं, असा त्यांचा बाणा.

एकदा माझ्याकडून पुस्तकांची अदलाबदल झाली. आप्पांना कादंबरीच्या जागी लोणच्यांचं पुस्तक गेलं.

दुसऱ्या दिवशी अभिप्राय आला, “अप्रतिम! शेवट मनाला भिडला.”

मी मुद्दाम जाऊन पाहिलं. शेवटी भोकराचं लोणचं होतं.

*

आता नाना. नाना आणि आप्पा एकाच गावचे, एकाच दिवशी सुरतेत उतरले, शेजारशेजारच्या लूमवर उभे राहिले. नानांची बायको पोरं लहान असतानाच गेली. नानांची रात्रपाळी असली की त्यांची मुलगी मनीषा आप्पांच्या घरी जेवायची, तिथेच झोपायची. शाळेच्या पालकसभेला आप्पा जायचे. पुढे नाना कडोदऱ्याला मुलाकडे राहायला गेले, पण रोज संध्याकाळी दोघांचा फोन ठरलेला. दोघांची अहिराणी समजायला मला दोन वर्षं लागली. भांडण असलं की मात्र पहिल्या दिवसापासून समजायची.

तर निवडणुकीचे दिवस. आप्पांनी ग्रुपवर एका झगझगीत पुलाचा फोटो टाकला, “बघा आपली प्रगती!”

नानांनी लिहिलं, “पुलाखाली बर्फ दिसतो आहे. आपल्याकडे बर्फ कधी पडला?”

आप्पा म्हणाले, “प्रगती झाली की सगळं होतं.”

इथे थांबले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण ग्रुपवर थांबणारा माणूस अजून जन्माला यायचाय! दुपारपर्यंत दोघं एकमेकांच्या नेत्यांवरून एकमेकांच्या अकलेवर आले. शेवटी नानांनी लिहिलं, “आप्पा, तुनी अक्कल बी वाचीसन परत करी दिन्ही का?”

आणि नाना ग्रुपमधून बाहेर पडले.

आप्पांनी जाहीर केलं, “मी आजवर कोणालाही ग्रुपमधून काढलेलं नाही, पुढेही काढणार नाही. ज्याला जायचं तो जातो. आजपासून नियम क्रमांक तीन, राजकारण बंद.” संध्याकाळचा फोनही बंद झाला. चौतीस वर्षांची दोस्ती एका पुलानं तोडली, आणि तो पूल नक्की कुठल्या देशात आहे हे आजही कोणाला माहीत नाही.

*

नानांनी ग्रुप सोडला, पुस्तकं सोडली नाहीत. आप्पांची पुस्तकं मी त्यांच्याकडे न्यायचो, त्यांची आप्पांकडे. दोघंही माझ्याशी बोलायचे, एकमेकांचं नावसुद्धा घेत नसत.

एकदा एक कादंबरी चाळत होतो. नायक रस्त्यावरच्या खड्ड्यात पडतो त्या ओळीखाली नानांनी पेन्सिलनं रेघ मारून कडेला लिहिलं होतं, ‘हाऊ खड्डा कोना राज्यमा पडना?’

त्याच्याखाली आप्पांचं उत्तर, ‘पुस्तकमाधला शे. तुना डोकामा बी शे.’

ग्रुपवर राजकारण बंद झालं ते असं समासात गेलं! नायिकेनं पाणी भरलं की पाणीप्रश्न, नायक बेकार असला की रोजगार. ही बातमी माझ्याचकडून फुटली, कबूल करतो. मग त्या पुस्तकांना अशी रांग लागली की विचारू नका. एकदा सुनंदाताईंनी एक कोरं पुस्तक मला परत दिलं, “गजाभाऊ, हे नको. ह्यात नुसतीच कादंबरी आहे!”

पण माझ्या एक लक्षात आलं. आप्पांची उत्तरं चाळिसाव्या पानापर्यंतच असायची. पुढे नाना एकटेच शेवटपर्यंत भांडत जायचे. हे माझ्या लक्षात आलं, तसं नानांच्याही आलं.

*

मनीषाचं लग्न ठरलं. ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत, आप्पांना तर सगळ्यात आधी माहीत. मी गेलो की ते विचारायचे, “पत्रिका उनी का रे कोनाले?” मी मान हलवायचो. “माले बी नही. बलावाशिवाय मी जावाव नही. पोर मना हाततल्या पोया खाईसन मोठी व्हयनी, पन बापले काय त्यानं?” एवढं बोलून मोठ्यानं टीव्ही लावायचे.

लग्नाला पंधरा दिवस राहिले आणि नानांनी मला कडोदऱ्याला बोलावून एक जाडजूड कादंबरी हातात दिली. चारशे पानांची. तीनशे बाराव्या पानात एक बंद लिफाफा.

“पत्रिका शे,” नाना म्हणाले. “तो आख्खं पुस्तक वाचस ना? मंग भेटी जाई त्याले.”

मी म्हटलं, “नाना, स्वतः जाऊन द्या ना. दहा किलोमीटरचा तर रस्ता आहे.”

“नही. आनि तू बी सांगू नको. तुले मनीषानी शपथ.”

नवरीची शपथ! आता तोंड उघडायची सोय राहिली नाही. पुस्तक आप्पांना नेऊन दिलं. त्यांनी ते टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवलं आणि मला म्हणाले, “पत्रिका उनी नही अजून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर आलं, “वाचून झालं. अप्रतिम! शेवट मनाला भिडला.”

मी स्कूटर बाजूला घेऊन उभाच राहिलो. तेवढ्यात नानांचा फोन, “काय बोलना तो?”

“शेवट मनाला भिडला म्हणाले.”

नाना हळूच म्हणाले, “मंग करी तो फोन आज.”

फोन गेला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. नाना मला रोज विचारायचे आणि रोज आवाज खाली जायचा. पाचव्या दिवशी म्हणाले, “पत्रिका वाचीसन बी उना नही म्हंजे मी मेलो त्याले.” इकडे आप्पांचा आवाज रोज चढायचा, “माले पत्रिका बी नही म्हंजे मी मेलो त्याले!” आणि पत्रिका ह्या गृहस्थांच्या उजव्या हाताला, तीन फुटांवर!

मी हिंमत करून म्हटलं, “आप्पा, त्या कादंबरीतलं तीनशे बारावं पान कसं वाटलं?”

“एकदम भारी!” आप्पा म्हणाले.

खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. लग्न आठ दिवसांवर, तिकडे मनीषा फोनवर मला विचारते, “काका, आप्पाबाबा येणार नाहीत का हो?” आणि मी शपथेत अडकलेलो.

शेवटी डोकं चाललं. मी आप्पांना म्हटलं, “नानांनी त्या पुस्तकात शेवटी शेवटी तुमच्याबद्दल फार वाईट लिहिलंय म्हणे. तुम्ही काही उत्तर दिलं नाही, म्हणून कडोदऱ्याला सगळ्यांना सांगताहेत की आप्पा हरला.”

आप्पांनी टीव्ही बंद केला. “कोनता पानवर?”

“ते मला काय माहीत? तुम्ही तर वाचलंय ना!”

चष्मा आला, पेन्सिल आली. मी सटकलो.

*

त्यानंतर तीन दिवस ॲडमिन ग्रुपवर दिसले नाहीत. सुनंदाताईंनी विचारलं, “आप्पांची तब्येत बरी आहे ना?” मी सांगितलं, “वाचताहेत.” कोणाचा विश्वास बसला नाही.

चौथ्या दिवशी, मंगळवारी भर दुपारी, ग्रुपवर फोटो आला. लग्नपत्रिका. आमच्याकडच्या सगळ्या पत्रिकांसारखीच खाली नावांची लांबलचक यादी. मी फोटो मोठा करून आमंत्रणाचा मजकूर वाचला, मग यादी वाचली. निमंत्रकांत पहिलं नाव आप्पांचं होतं. छापलेलं. बापाचं नाव त्याच्या खाली. आणि पहिल्या नावाच्या कडेला, समासात, आप्पांच्या अक्षरात पेन्सिलनं एकच शब्द होता, ‘मान्य’.

फोटोखाली आप्पांनी ग्रुपवर पहिल्यांदाच अहिराणीत लिहिलं होतं, “मना घर लगीन शे. समदासनी येवानं.”

कोणी काही लिहायच्या आत चौधरी सर हजर झाले, “आप्पा, आज मंगळवार आहे. वैयक्तिक बातमी फक्त रविवारी. नियम क्रमांक दोन.”

मिनिटभरातच मोबाइलवर ती बारीक अक्षरांतली ओळ उमटली.

आप्पांनी चौधरी सरांना ग्रुपमधून काढलं.