मागचा डावा

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, दुपार. हजर : शैलावहिनी, समोरच्या ब्लॉकमधले डॉक्टर, सोसायटीचे सेक्रेटरी आणि मी. मधुदादाही तिथेच होता, त्याच्या खुर्चीत, पण त्याला हजर म्हणता येत नव्हतं.

फोन वहिनींचाच आला होता. "मंगल, ये. हे गेलेत." एवढंच, कुठेही न अडखळता. रिक्षाने मी सदाशिव पेठेत पोचले तोवर डॉक्टरांचं काम आटोपलं होतं आणि तिघंही एका वेगळ्याच अडचणीत होते. आवाज बंद कसा करायचा, ते कोणालाच कळत नव्हतं. टेबलावर रिमोटांची रांग होती आणि खोलीभर पाखरं किंचाळत होती. दादाची ती नेहमीची चाचणीची सीडी, जंगलातली पहाट. मी भिंतीवरचं मेन बटण बंद केलं. तेव्हा कुठे वहिनी खाली बसल्या. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, फार वेळ लागला नसेल. सेक्रेटरींनी नको ते विचारलं, "हाक नाही का मारली त्यांनी?" वहिनी म्हणाल्या, "मारलीही असेल. मला ऐकू आली नाही. माझ्या कानांचं तुम्हाला माहीत आहेच की, तुम्हीही हसला होतात." सेक्रेटरी चपला शोधायला लागले…

गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहायचं असतं. ते आधीच लिहून टाकते, म्हणजे राहणार नाही. माझा हा थोरला भाऊ हडपसरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि त्याच्यासारखे कान मी दुसऱ्या कोणाचे पाहिले नाहीत. शेडच्या दारात उभं राहून, कुठल्या यंत्राचं बेअरिंग आठवडाभरात जाणार ते तो सांगायचा, आणि ते जायचं. आईचा रेडिओ तो उघडायच्या आधी कानाने तपासायचा. परदेशी माल यायला लागला, कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीचे कागद वाटले, दादाने सही केली. पुढे कारखान्याच्या जागेवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांत संगणकवाली पोरं आली, त्या पोरांनी आसपास फ्लॅट घेतले आणि प्रत्येकाला घरात थिएटर हवं झालं. दादाला नवं काम मिळालं. कुठली वस्तू घ्यायची आणि कशी जोडायची, हे सांगणं. ते त्याला उत्तम येत होतं, आणि समोरच्याला काही येत नाही हे सांगणं त्याहून उत्तम.

आधी खोली, मग स्पीकर, मग अॅम्प्लिफायर, टीव्ही शेवटी, हा त्याचा क्रम. लोक नेमके उलटे यायचे. "टीव्ही घेतलाय, काका," म्हटलं की तो म्हणायचा, "अरे वा. म्हणजे अक्षता आहेत, आता मुलगी बघायची." मधला स्पीकर टीव्हीच्या खाली, बोलणं तोंडाजवळून आल्यासारखं वाटलं पाहिजे. मागचे दोन बसणाऱ्याच्या कानाच्या जरा वर. तांबडी तार तांबड्यात, काळी काळ्यात. एका जागी उलटी लागली तर आवाज खोलीत हरवतो. नागपूरकडचा देशमुख नावाचा एक मुलगा होता. त्याच्या बायकोला स्पीकर पडद्यामागे हवे होते. दादा तिला म्हणाला, "मग तुम्हीही पडद्यामागेच बसा, म्हणजे बरोबर ऐकू येईल." बुधवार पेठेतल्या दुकानांत तो त्यांना घेऊन जायचा. दुकानदार सगळी बटणं वर करून छाती हादरवणारा आवाज ऐकवायचे. दादा खुर्चीत बसून आपली पाखरं लावायला सांगायचा आणि दोन मिनिटांनी उठायचा. "कावळे आहेत. चला." पोरं खूश व्हायची. आपल्या वतीने कोणीतरी दुसऱ्याचा अपमान करतंय, याचं माणसाला फार सुख असतं.

स्वतःच्या घरी त्याने हे सगळं बसवलं ते बाहेरच्या खोलीत. त्या खोलीत वहिनींचा गाण्याचा क्लास चालायचा. सतरंजी, हार्मोनियम, परकर-पोलक्यातल्या आणि पुढे जीन्समधल्या मुली. वहिनी काही मोठ्या गायिका नव्हत्या, पण सूर पक्का, आणि बेसूर मुलीलाही न दुखवता सुरात आणायची हातोटी होती. पेठेत त्यांच्या कानाला मान होता. दादा म्हणाला, "तात्पुरतं माळ्यावर ठेवू." हार्मोनियम माळ्यावर गेली. एकेका भिंतीला फोम लागत गेला, खिडकीला जाड पडदे आले, दाराला आतून गादीसारखं अस्तर लागलं आणि बाहेर दादाच्या अक्षरातली पाटी : 'दार वाजवू नये. आत ऐकू येत नाही.' मुली वाजवून वाजवून परत जायला लागल्या, तेव्हा वहिनींनी क्लास, हार्मोनियमशिवायच, स्वयंपाकघराजवळच्या छोट्या खोलीत नेला.

पहिल्या दिवशी दादाने सोसायटीच्या लोकांना बोलावलं. बटाटेवडे वहिनींनी केले होते. सगळं जोडून झालं होतं, फक्त मागच्या डाव्या स्पीकरची तार दारावरून न्यायची होती आणि ती आखूड पडली होती. स्पीकर भिंतीवर होता, तार खाली लोंबत होती. दादाने पाखरं लावली. काय म्हणायचं ते कोणालाच कळेना. मग वहिनींनी ट्रे खाली ठेवला, डाव्या बाजूच्या खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "अहो, या मागच्या कोपऱ्यातून पाखरं किती छान ऐकू येतायत." दादा क्षणभर थांबला. चांगला विनोद सापडला की तो असाच थांबायचा. मग म्हणाला, "शैला, तो जोडलेलाच नाही."

वाईट हसू नव्हतं ते, वडे खाता खाता येतं तसं होतं. पण हसणाऱ्यांत क्लासच्या दोन मुलींच्या आया होत्या. दादाला त्या दुपारी जी गोष्ट मिळाली, ती त्याने पुढची कितीतरी वर्षं वापरली. तार आणली नाही. मागचा डावा तसाच ठेवला, मुद्दाम, आणि त्याची परीक्षा केली. येईल त्या गिऱ्हाइकाला वहिनींच्या खुर्चीत बसवायचं आणि सहज विचारायचं, "मागचा डावा कसा वाटतोय?" जो म्हणाला, "एकदम क्लिअर," तो नापास. मग वहिनींना चहा घेऊन बोलवायचं आणि त्यांच्यासमोर सांगायचं, "घाबरू नका, आमच्या घरात गाण्याच्या बाई आहेत, त्याही नापास." देशमुखसुद्धा नापास झाला होता. तो हसला, दादा हसला, वहिनींनी बशा उचलल्या. हळूहळू क्लास सुटला. मुलींच्या दहाव्या आल्या, बारावी आली, आणि नव्या मुली आल्या नाहीत.

एकदा मी दादाला विचारलं, "पण त्यांना ऐकू आलं कसं? त्या उगाच म्हणणाऱ्यातल्या नाहीत." तो पाना हातात घेऊन मागचा उजवा आवळत होता. म्हणाला, "अगं, बरोबरच होतं तिचं. तेव्हा डाव्या भिंतीला फोम कुठे होता? उजव्याचा आवाज त्या उघड्या भिंतीवर आपटून तिकडून येणारच. हे ऐकू यायला चांगला कान लागतो."

"मग त्यांना सांग की."

"गोष्ट बिघडेल."

मी त्याच दिवशी वहिनींना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. थांबल्या नाहीत. "मला ठाऊक आहे मी काय ऐकलं ते," म्हणाल्या. "पण ते त्यांनी सांगावं." त्यांना दुसरं काहीच नको होतं. माफी नको होती, हार्मोनियमही मागितली नाही. ज्या तोंडाने चारचौघांत सांगितलं, त्या तोंडाने चारचौघांत दुरुस्त करावं, इतकंच. आणि त्या वाट बघत राहिल्या. मला वाटतं, संसारात इतकी चिवट वाट मी दुसऱ्या कोणाला बघताना पाहिलेली नाही.

मग दादाचे कान गेले. सगळे नाही, वरचे सूर, बारीक सूर. वयाने जातात तसे, आणि आयुष्य कारखान्यात गेलेल्याचे जरा आधी जातात. त्याला सोडून सगळ्यांच्या लक्षात आलं. त्याला वाटलं, स्पीकर बसले. पुढची जोडी बदलली. मग अॅम्प्लिफायर बदलला, मग तारा, मग सीडी घासली गेली म्हणून नवी आणली. प्रत्येक वेळी बारीक आवाजाचं बटण आणखी वर. खोलीत बसलं की दातांतून कळ यायची. देशमुखचा मला फोन आला, "ताई, सर परवा येऊन सेटिंग करून गेले. आमचं पोरगं कानावर उशी घेऊन बसतंय. सरांना कसं सांगावं?" मी दादाला सरळ सांगितलं, कान तपासून घे, नंबर मी लावते. मी सगळ्या कामांच्या याद्या करते, त्यावरून तो म्हणाला, "यादीत लिही. रद्दी, दूधवाला, दादाचे कान." वर म्हणाला, "माझे कान तपासायचे तर ते मशीन आधी मला तपासावं लागेल."

या वर्षी पितृपक्षात आईचं श्राद्ध त्याच्याकडे होतं. देशमुखही आला होता. जेवणं झाल्यावर दादाने नवे स्पीकर लावले, पाखरांची सीडी घातली आणि बराच वेळ मान वाकडी करून बसला. मग त्याने हाक मारली, "शैला, जरा इथे येऊन बस." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि त्याच डाव्या खुर्चीत बसल्या. पाखरं अशी किंचाळत होती की देशमुखने डोळे मिटून घेतले होते. दादा हळू आवाजात म्हणाला, "पाखरं… येतायत का ऐकू? मला वाटतं, ही नवी सीडीच खराब आहे."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. घाई केली नाही. त्याला पुरेसा वेळ दिला, हे मी शपथेवर सांगेन. चारचौघं होते, खुर्ची तीच होती, एक वाक्य बोलायचा अवकाश होता. दादाने तोंड उघडलंही… आणि मिटलं.

"मला काय विचारता," वहिनी म्हणाल्या. "मला न जोडलेल्यातूनही येतात."

"जा, चहा टाक," दादा म्हणाला. आठवडाभरात त्याने तिसरी सीडी आणली. तीच त्या रविवारी दुपारी वाजत होती, बटण पार वर, दार बंद. वहिनी स्वयंपाकघरात होत्या, दाराला त्याने स्वतः लावलेलं अस्तर होतं. त्याने हाक मारली का, हे कोणालाच कळणार नाही. मारली असेल तर त्याच्याच कामाची परीक्षा झाली, आणि काम पास झालं.

तेरावा झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "खोली मोकळी कर. तुला जमेल." मी यादी केली. माझ्या यादीत कामापुढे नाव असतं, नाहीतर काम होत नाही. फोम काढणं : सुतार. पडदे : मी. अॅम्प्लिफायर आणि पुढचे स्पीकर : देशमुख, तो जपून, घोंगडीत गुंडाळून घेऊन गेला. जाताना भिंतीकडे बघत म्हणाला, "काकू, मी नापास झालो होतो ना इथे." वहिनी म्हणाल्या, "मी नव्हते झाले." त्याला ते कळलं नाही आणि त्यांनी समजावलं नाही. दाराचं अस्तर, पाटी, रिमोट, सगळ्यावर खूण झाली. हार्मोनियम माळ्यावरून उतरली. भाता फाटला होता, तो नवा बसवून आला. सतरंजीला ऊन दिलं. परवा खालच्या मजल्यावरची एक आई मुलीला घेऊन चौकशीला येऊन गेली.

मागच्या डाव्यापाशी मी स्टूल ठेवून, पाना घेऊन उभी राहिले. तार अजून खाली लोंबतेय, आखूडच. विचारलं, "वहिनी, हा काढू, की तुमच्या समाधानासाठी एकदा जोडून दाखवू? तेवढी तार आहे माझ्याकडे, अॅम्प्लिफायर देशमुख घटकाभर आणून देईल."

त्या हार्मोनियमचे सूर तपासत होत्या. म्हणाल्या, "यादीत कोणाचं नाव आहे त्याच्यापुढे?"

"अजून कोणाचंच नाही."

"मग त्यांचं लिही. ते त्यांचं काम आहे."

मी लिहिलं. बाकी सगळ्यावर खुणा आहेत. मागचा डावा : दादा, एवढं बाकी आहे.